उडत्या डब्याचा नकाशा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा बॉक्स काइट घरच्या घरी बनवता येतो. त्याचे ओरिजिनल प्लॅन्स फुकट मिळतात, फक्त कुठे शोधायचे ते ठाऊक हवं. आणि ते फुकट का मिळतात, ही गोष्ट तर पतंगापेक्षा भारी आहे!

डबा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? दुपारी एक वाजता पॅन्ट्रीत उघडणारा, मायक्रोवेव्हच्या रांगेत उभा राहणारा डबा? आज एका वेगळ्या डब्याची ओळख करून घेऊ. याला झाकण नाही, तळही नाही. चार लांब काड्या, त्यांच्या दोन टोकांना गुंडाळलेले कापडाचे दोन पट्टे, मधे सगळं मोकळं. शेपटी नाही, कमान नाही. लांबून पाहिलं तर वाटतं, हे काय डोंबल उडणार? पण एकदा वारा आत शिरला की हा पठ्ठ्या आकाशात खुंटी ठोकल्यासारखा उभा राहतो.

हा बॉक्स काइट. आपल्या संक्रांतीच्या पतंगाचा चुलतभाऊ, पण स्वभावाने अगदी उलटा. आपला पतंग चपळ, गोता खाणारा, काटाकाटीला कायम तयार. हा मात्र शांत, दणकट, ओझं वाहणारा. याने हवामानखात्याची यंत्रं ढगांपर्यंत नेली, सैनिकांना वर उचललं, समुद्रात पडलेल्या वैमानिकांना मदत मागायला आधार दिला, आणि जाता जाता विमानाच्या पंखांना आकार दिला.

वीकेंडला मॉलच्या चकरा मारून कंटाळला असाल तर हा छंद तुमच्यासाठी आहे. खर्च मल्टिप्लेक्सच्या दोन तिकिटांच्या आसपास. पण रेडिमेड किट मागवून जोडण्यात ती मजा नाही. खरी मजा आहे जुने प्लॅन्स शोधण्यात, ते वाचण्यात आणि त्यावरून आपल्या हातांनी डबा उभा करण्यात.

पेटंट? नको, थँक यू!

लॉरेन्स हारग्रेव्ह. जन्म १८५०, इंग्लंडमधल्या ग्रिनिचचा. पंधरा-सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियात आला. सिडनीच्या वेधशाळेत १८७८ पासून पाच वर्षं नोकरी केली आणि १८८३ मध्ये सोडली. घरच्या उत्पन्नावर भागत होतं, त्यामुळे उरलेलं आयुष्य त्याने एकाच प्रश्नाला वाहिलं: माणूस उडणार कसा?

१८९३ मध्ये त्याने पतंगाचा हा डबा शोधला. त्याचा फंडा साधा होता. एका सपाट पृष्ठभागाऐवजी दोन डबे घ्यायचे आणि त्यांच्यात अंतर ठेवायचं. वरच्या आणि खालच्या कापडांनी उचल मिळते, बाजूच्या कापडांनी पतंग भरकटत नाही, आणि मागचा डबा पुढच्याला सावरून धरतो. म्हणून शेपटीची गरजच उरत नाही.

१२ नोव्हेंबर १८९४. सिडनीच्या दक्षिणेला स्टॅनवेल पार्कचा समुद्रकिनारा. हारग्रेव्हने एकाखाली एक असे चार बॉक्स काइट दोरीला लावले, खाली एक बैठक टांगली आणि स्वतः तिच्यात बसला. मदतीला त्याच्या जागेची देखभाल करणारा जेम्स स्वेन. दोरी जमिनीवरच्या वाळूच्या पोत्यांना बांधलेली, आणि तिला ताण मोजायला स्प्रिंगचा काटा. वारा ताशी २१ मैल, म्हणजे साधारण ३४ किलोमीटर. हारग्रेव्ह १६ फूट वर गेला. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीइतका! वर बसल्या बसल्या तो हातातल्या यंत्राने वाऱ्याचा वेग मोजत होता. याला म्हणतात डेडिकेशन.

आता तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? पहिलं काम, पेटंट. बरोबर ना? हारग्रेव्हने उलटं केलं. त्याने आपल्या शोधांचं पेटंट घेतलंच नाही. उडण्याचं शास्त्र एकट्यादुकट्याच्या तिजोरीत बंद पडलं तर सगळ्यांचाच वेळ जाईल, असं त्याचं मत होतं. मापं, आकृत्या, वाऱ्याचे आकडे, फसलेले प्रयोगसुद्धा त्याने न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून टाकले. ऑगस्ट १८९३ मध्ये शिकागोला हवाई प्रवासावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथेही त्याने आपला निबंध पाठवला.

परिणाम? डबा जगभर पोचला. सान्तोस द्युमों या ब्राझिलियन उडाणटप्पूने पॅरिसमध्ये जे विमान उडवलं, त्याचे पंख म्हणजे चक्क बॉक्स काइट एकाला एक जोडलेले. त्याचं २२० मीटरचं गाजलेलं उड्डाण १२ नोव्हेंबर १९०६ चं. हारग्रेव्ह हवेत गेला त्याला बरोबर बारा वर्षं झाली, त्याच तारखेला! पुढे फ्रान्समधल्या व्हॉइझां आणि फार्मान यांच्या विमानांत हाच वंश दिसतो, आणि फार्मानच्या धर्तीवर १९१० मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ब्रिस्टलच्या विमानाचं टोपणनावच पडलं ‘बॉक्सकाइट’.

हे बॉक्सकाइट आपल्याकडेही येऊन गेलंय. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात ब्रिटिश घोडदळाचा सराव होता. तिथे फ्रेंच वैमानिक आंरी ज्युलरो याने कॅप्टन सेफ्टन ब्रँकर या अधिकाऱ्याला सोबत घेऊन ‘शत्रू’ कुठे आहे ते वरून टिपलं. हारग्रेव्हच्या डब्याचा नातू दख्खनच्या आकाशात फिरला होता तर!

जे वाटलं, तेच वाचलं

गोष्टीचा दुसरा भाग थोडा कडू आहे. हारग्रेव्हला आपली मॉडेल्स नीट जपली जावीत असं वाटत होतं. ऑस्ट्रेलियात त्यांना मनासारखी जागा मिळेना. शेवटी १९१० च्या सुमारास ती जर्मनीत, म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये गेली. मे १९१५ मध्ये त्याचा मुलगा जेफ्री गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये हारग्रेव्हही गेला. आणि दुसऱ्या महायुद्धात म्युनिकवर बॉम्ब पडले तेव्हा त्या मॉडेल्सपैकी बहुतेक नष्ट झाली. जी थोडी उरली ती पुढे सिडनीला परत आली.

पुढे ऑस्ट्रेलियाने त्याला २० डॉलरच्या नोटेवर जागा दिली, १९६६ ते १९९४. उशिरा का होईना!

म्हणजे बघा. लाकूड-कापडाच्या ज्या वस्तू काचेच्या कपाटात सुरक्षित ठेवल्या होत्या, त्या गेल्या. आणि जी मापं त्याने कुणालाही वापरू दिली, ती छापील पानांवर जगभरच्या ग्रंथालयांत टिकली. आज तुम्ही जो प्लॅन डाउनलोड करता, तो त्या उदारपणामुळे उरलाय.

काऊबॉयची गोष्ट

हारग्रेव्ह जितका शांत, तितका सॅम्युअल कोडी रंगेल. अमेरिकेत जन्मलेला, लांब केस, टोकदार मिशा, काऊबॉयची टोपी. इंग्लंडच्या रंगमंचावर घोडे, बंदुका आणि स्टंटचे खेळ करायचा. त्याने हारग्रेव्हचा डबा घेतला, त्याला वटवाघळासारखे पंख जोडले आणि १९०१ मध्ये थेट पेटंट घेतलं! नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याने पतंगाने ओढलेल्या होडीतून कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी पार केली. ब्रिटिश सैन्याने टेहळणीसाठी त्याचे माणूस उचलणारे पतंग स्वीकारले. १६ ऑक्टोबर १९०८ ला त्याने फार्नबरोला विमान उडवलं. ब्रिटनमधलं इंजिनाच्या विमानाचं पहिलं उड्डाण म्हणून ते ओळखलं जातं. १९१३ मध्ये विमान अपघातातच तो गेला.

मग कोडी व्हिलन का? अजिबात नाही. पेटंटचा सौदाच असा असतो: काही वर्षं मक्तेदारी घ्या, पण बदल्यात आकृतीसकट सगळं जाहीर करा. कोडीची मुदत केव्हाच संपली, आकृत्या मात्र राहिल्या. फरक इतकाच, की हारग्रेव्हचा डबा पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा होता. कोडीच्या डब्यासाठी जगाला थांबावं लागलं.

खजिना कुठे दडलाय?

आता मुद्द्यावर येऊ. शोध सुरू करायच्या आधी एक टिप. ‘बॉक्स काइट’ एवढंच टाकलंत तर खेळण्यांची दुकानं समोर येतील. हारग्रेव्हच्या काळात याला ‘सेल्युलर काइट’ म्हणत. तो शब्द, माणसाचं नाव आणि साल असं तिन्ही इंग्रजीत टाका. मग बघा जादू.

पेटंटची कपाटं: ‘गुगल पेटंट्स’वर जुनी अमेरिकन पेटंट्स आहेत, तर युरोपियन पेटंट ऑफिसच्या ‘एस्पेसनेट’वर ब्रिटिश आणि फ्रेंचही सापडतात. पतंगांचा वर्गीकरण क्रमांक आहे बी६४सी ३१/०६. तो रोमन अक्षरांत टाकला की पतंगच पतंग. कोडीचं १९०१ चं, शिकागोच्या सायलस कोनाइनचं १९०२ चं, टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचं १९०४ चं. कोनाइनचा पतंग त्रिकोणी डब्याचा, त्याला दोन पंख. नवशिक्यांना तोही छान जमतो.

हवामानखात्याचे कागद: अमेरिकेच्या वेदर ब्यूरोने १८९८ मध्ये पतंगांची १७ केंद्रं उघडली होती. शेवटचं, नॉर्थ डकोटातल्या एलेनडेलचं, १९३३ पर्यंत चाललं. त्यांचा पतंग हारग्रेव्हच्याच घराण्यातला, चार्ल्स मार्विन या शास्त्रज्ञाने सुधारलेला. मार्विनने १८९६ मध्ये ‘मंथली वेदर रिव्ह्यू’मध्ये पतंगांवर लेख लिहिले आणि त्या नियतकालिकाचे जुने अंक वाचायला खुले आहेत. इंजिनियर मंडळींनी जरूर बघावेत. दोरीचा ताण, वाऱ्याचा कोन, सगळं गणितासकट.

बेलचं घबाड: ग्रॅहॅम बेलने डब्याऐवजी चार बाजूंचे छोटे पिरॅमिड जोडले. कारण त्याला ठाऊक होतं, डबा मोठा करत गेलं की वजन उचलीच्या पुढे पळतं. त्याचा लेख ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जून १९०३ च्या अंकात आहे. त्याच्या वह्या-पत्रं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डिजिटल केली आहेत. डिसेंबर १९०७ मध्ये त्याच्या ३,३९३ कप्प्यांच्या ‘सिग्नेट’ने थॉमस सेल्फ्रिज या लेफ्टनंटला १६८ फूट उंच नेलं होतं.

पुस्तकं: ऑक्टेव्ह शनूटचं ‘प्रोग्रेस इन फ्लाइंग मशिन्स’ (१८९४) ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर फुकट आहे, त्यात हारग्रेव्हची कामगिरी सविस्तर मिळते. इतिहासासाठी क्लाइव्ह हार्टचं ‘काइट्स’ (१९६७) आणि प्लॅन्ससाठी डेव्हिड पेलहॅमचं ‘द पेंग्विन बुक ऑफ काइट्स’ (१९७६). ही दोन्ही सेकंडहँड शोधावी लागतात. फाउंटनच्या फुटपाथवर किंवा अप्पा बळवंत चौकात नजर टाकत राहा.

म्युझियम: हारग्रेव्हची उरलेली मॉडेल्स आणि कागद सिडनीच्या पॉवरहाउस म्युझियमच्या संग्रहात आहेत. त्यांच्या कॅटलॉगमधले फोटो जोड कसे केलेत ते बघायला एकदम उपयोगी.

आणि एक जाता जाता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानांत ‘गिब्सन गर्ल’ नावाचा संकटकाळचा रेडिओ असे. समुद्रात पडलेल्या वैमानिकाने हँडल फिरवून वीज तयार करायची आणि एरियलची तार वर न्यायला सोबत दिलेला घडीचा बॉक्स काइट उडवायचा. हे पतंग आजही संग्राहकांकडे फिरतात, आणि घडीची रचना शिकायला याच्यासारखा गुरू नाही.

प्लॅन वाचायचा कसा?

पहिली अडचण: पेटंटच्या चित्रात बहुधा मापंच नसतात. पेटंट रचनेचं असतं, साइझचं नाही. घाबरू नका. सगळ्यात लांब काडी म्हणजे १ असं धरा आणि बाकी सगळं तिच्या प्रमाणात मोजा. मग तुमची काडी ९० सेंटिमीटर असो की दीड मीटर, हिशोब तयार.

दुसरी: जुने आकडे फूट-इंचात. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, हे मोबाइलवर चिकटवून ठेवा.

तिसरी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची: आकार दुप्पट केला की कापड चौपट होतं आणि ओढही चौपट. काड्याही त्याच प्रमाणात जाड केल्या तर वजन आठपट! शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तरी ओढ चौपट. म्हणून पहिल्याच फटक्यात कोडीचा अवाढव्य पतंग बांधायला जाऊ नका. लहान करा, उडवा, मग वाढवा.

चौथी: पुन्हा पुन्हा कॉपी झालेल्या प्लॅनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एकाने चुकीचं माप लिहिलं की पुढचे दहा जण तेच उतरवतात. शक्य तिथे मूळ छापील पान उघडून ताडून बघा.

पहिला डबा: वीकेंड प्रोजेक्ट

हारग्रेव्हच्याच तत्त्वावरचा, पण सोपा, चौरस डबा. शनिवारी बनवा, रविवारी उडवा.

साहित्य: बांबूच्या ६ मिलिमीटर जाडीच्या कामट्या. पुणेकरांनी थेट बुरुड आळी गाठावी. ९० सेंटिमीटरच्या चार आणि ४४ सेंटिमीटरच्या चार. पातळ सुती पॉपलिन सव्वा मीटर. मुंबईकरांना मंगलदास मार्केट आहेच. फेव्हिकॉल, जाड सुती दोरा, सुई.

कृती:
१. कापडाच्या दोन पट्ट्या कापा. प्रत्येकी १२३ सेंटिमीटर लांब, २७ सेंटिमीटर रुंद. लांब कडा दुमडून शिवा म्हणजे रुंदी २५ राहील. मग टोकं एकमेकांना शिवा, १२० सेंटिमीटर घेराचं कडं तयार.
२. कड्यावर दर ३० सेंटिमीटरला पेन्सिलीने उभी रेघ मारा. या चार रेघांवर आतून चार लांब कामट्या बसणार.
३. एक कडं कामट्यांच्या वरच्या टोकाला, दुसरं खालच्या टोकाला. मधे ४० सेंटिमीटर मोकळं. कापड कामट्यांना टाक्यांनी आणि गोंदाने पक्कं करा. गोंद रात्रभर वाळू द्या.
४. ४४ सेंटिमीटरच्या काड्यांच्या टोकांना खाच पाडा. दोन-दोन काड्यांची फुली करून प्रत्येक कड्याच्या मधोमध आत बसवा. चौरसाचा कर्ण येतो ४२.४ सेंटिमीटर, त्यामुळे काडी आधी थोडी मोठीच वाटेल. खाच थोडी थोडी खोल करत जा. कापड ढोलकीसारखं ताणलं गेलं की थांबा. फुली मधे दोऱ्याने बांधा.
५. आता कन्नी. कुणी तिला मंगळसूत्रही म्हणतं. हा डबा कोपऱ्यावर उडतो, म्हणून कन्नी एकाच लांब कामटीला बांधायची. एक टोक अगदी वर, दुसरं खालच्या कड्याच्या वरच्या कडेपाशी. दोरा साधारण एक मीटर. मुख्य दोरीची गाठ वरच्या कड्याच्या खालच्या कडेसमोर येऊ द्या.

फुली काढली की सगळा पतंग गुंडाळून बाइकवर मागे बांधता येतो. सही आहे ना?

उडवताना

याला झुळूक पुरत नाही. जमिनीवरची धूळ आणि कागद उडायला लागले, झाडाच्या बारीक फांद्या हलायला लागल्या, की समजा डब्याचा वारा आला. ताशी २० ते २८ किलोमीटर. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा किंवा मोकळं पठार उत्तम. मित्राला ३० मीटरवर पतंग धरून उभं करा, वारा तुमच्या पाठीवर घ्या, दोरी ताणा आणि त्याला फक्त सोडायला सांगा. धावाधाव करायची नाही.

पतंग वर चढतच नसेल तर कन्नीची गाठ एक सेंटिमीटर वर सरकवून बघा. नुसताच हलका तरंगत असेल, ओढ घेत नसेल, तर एक सेंटिमीटर खाली. एका वेळी एकच बदल. ऑफिसमधल्या टेस्टिंगसारखंच!

दोरी जाड आणि सुतीच घ्या. इथे कुणाची काटाकाटी करायची नाही, त्यामुळे मांज्याचं कामच नाही. नायलॉनचा आणि सिंथेटिक मांजा तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंद केलाय. हातात चामड्याचे ग्लोव्हज घाला. विजेच्या तारा, रस्ते आणि विमानतळाचा परिसर टाळा. ढग गडगडले की पतंग लगेच खाली. आणि हारग्रेव्हसारखं स्वतः लटकायची खुमखुमी आली तर ती स्वप्नातच पुरवा. तुम्हाला गंमत वाटेल, पण आपल्या १९३४ च्या विमान कायद्यात ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगही होता. त्या कायद्याची जागा २०२४ च्या नव्या कायद्याने घेतली. म्हणजे तेव्हा दोरी धरून उभा असलेला प्रत्येक जण कागदोपत्री विमान उडवत होता!

आता तुमची पाळी

डबा उडाला की एक काम करा. तुमची मापं लिहून काढा. कामटी कुठली वापरली, कापड कुठलं, वारा किती होता, कन्नी कुठे जमली, आणि काय फसलं तेही. ट्रेसिंग पेपरवर नीट आकृती काढा, तारीख टाका आणि मागेल त्याला द्या. अमेरिकन स्प्रूसऐवजी आपला बांबू वापरून केलेला प्लॅन जुन्या कुठल्याच पुस्तकात मिळायचा नाही. तो तुम्हालाच लिहावा लागेल.

ऑफिसात आपण दिवसभर ‘कॉन्फिडेन्शियल’चे शिक्के मारत असतो. रविवारचा एक कागद तरी बिनशिक्क्याचा असू दे की!